राहून गेलेले दोन डोस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त परिसेविका, म्हणजे वॉर्डची इनचार्ज सिस्टर, आहे. सांगली जिल्ह्यात पस्तीस वर्षे सरकारी नोकरी केली आणि २०२३ साली घरी बसले. आपल्या दैनिकाची जुनी वाचक असूनही पत्र पहिल्यांदाच लिहीत आहे. विषय आहे दवाखान्यात काम करणाऱ्यांना टोचणाऱ्या सुया आणि त्यांची राहून जाणारी लस. कृपया माझे नाव छापू नये. माझे नाव कळले की पुढच्या ओळींतली मुलगी कोण हे आमच्या गल्लीत लगेच कळेल, आणि तिचे अजून शिक्षण व्हायचे आहे.

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री पावणेदोनला तिचा फोन आला. नर्सिंगच्या जीएनएम अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील रिक्षा चालवतात. कॉलेजने मुलींची नाईट ड्युटी एका खासगी रुग्णालयात लावली होती. पेशंट तीस-पस्तीस आणि त्यांच्यासाठी एक स्टाफ सिस्टर, दोन विद्यार्थिनी, एक मावशी. तिने एका आजोबांना इंजेक्शन दिले. सुई कापायचे कटर खालच्या मजल्यावर होते आणि ट्रॉलीवर सुया टाकायचा पांढरा डबा नव्हता. 'सुईला टोपण लावूनच ट्रे खाली आणायचा' अशी तिथली पद्धत. टोपण लावताना सुई त्याच्या कडेवरून सटकली आणि डाव्या हाताच्या तर्जनीत गेली. थेंबभर रक्त आले. तिने बोट पिळले, वर स्पिरिट ओतले आणि सिस्टरला सांगितले. लागण असलेल्या पेशंटच्या केसपेपरवर तिथे स्टिकर लावतात. सिस्टरने आजोबांचा केसपेपर पाहिला. "यावर काही स्टिकर नाही. मग कशाला घाबरतेस?" ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, बोभाटा करू नकोस, कॉलेजला कळले तर तुलाच त्रास. मग पोरीने बाथरूममध्ये जाऊन मला फोन लावला. "काकू, मला काही होणार नाही ना?"

मी एवढेच विचारले, "किती वाजता टोचली?" म्हणाली, साडेबाराला.

सुई टोचल्यावर घड्याळ बघायचे असते, हे मी नोकरीत शेकडो मुलींना शिकवले आहे. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यातली पहिली गोळी शक्यतो दोन तासांच्या आत पोटात जायला हवी. उशिरात उशिरा बहात्तर तास, त्यानंतर उपयोग नाही. पेशंटचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचे नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर गोळ्या बंद करता येतात, पॉझिटिव्ह आला तर अठ्ठावीस दिवस पूर्ण करायच्या. टोचलेली जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, बस. पिळायची नाही, तोंडात घालायची नाही, स्पिरिट-डेटॉल ओतायचे नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने यातल्या दोन चुका केल्या, कारण पुस्तकात वाचलेले त्या क्षणी आठवत नाही. हाताला वळण लागलेले असेल तरच हात बरोबर चालतो.

तिच्या वडिलांनी रिक्षा काढली. आधी तिला घेतले, मग आम्ही सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात गेलो. तिथे पोहोचलो तेव्हा अडीच वाजले होते. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने दोन-तीन प्रश्न विचारले, ड्रॉवर उघडला, डबी काढली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. मी केसपेपर काढायला खिडकीकडे निघाले तर म्हणाली, "आधी गोळी, मग नाव-गाव." सरकारी दवाखान्याला शिव्या देणारी पत्रे आपल्याकडे नेहमी येतात. ही एक ओळ त्या मुलीसाठी छापावी.

गोळी गिळून झाल्यावर डॉक्टरने विचारले, "हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण झालेत?"

एकच झाला होता. पहिल्या वर्षी कॉलेजात शिबिर झाले, सगळ्यांना पहिला डोस टोचला, बॅनरखाली फोटो निघाले. महिन्यानंतरच्या दुसऱ्या डोसला कुणी बोलावले नाही, सहाव्या महिन्यातला तिसरा तर विसरूनच गेला. मुलीला वाटत होते लस घेतली आहे. माझ्या पोटात खड्डा पडला तो इथे, फोन आला तेव्हा नव्हे.

का, ते सांगते. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर हजारात साधारण तीन जणांना लागण होते. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत शंभरात एखाद-दोन. आणि हिपॅटायटिस बीचा रुग्ण असेल, टोचून घेणाऱ्याने लस घेतलेली नसेल, तर शंभरात तीस जणांपर्यंत. हा विषाणू वाळलेल्या रक्तात, टेबलाच्या कडेवर, ट्रेच्या कोपऱ्यात सात दिवस तग धरतो. आणि तरीही आपल्याकडे सगळी भीती एचआयव्हीची. कावीळ म्हटले की उसाचा रस, पथ्य, कुणीतरी उतरवून देणारा आठवतो. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची त्या पथ्यात आपोआप बरी होते आणि श्रेय उतरवणाऱ्याला जाते. रक्तातून येणारी बी आणि सी मात्र अंगात टिकली तर वर्षानुवर्षे काही न बोलता यकृतात बसून राहते. माणूस डोळे पिवळे झाल्यावर येतो, पोटात पाणी झाल्यावर येतो, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. अशी माणसे मी वॉर्डात जाताना पाहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी आजोबांना सगळे समजावून सांगून, त्यांच्या संमतीने रक्त तपासले. एचआयव्ही निगेटिव्ह. सी निगेटिव्ह. बी पॉझिटिव्ह.

आजोबांना स्वतःलाच माहीत नव्हते, तर केसपेपरवर स्टिकर कुठून येणार? सिस्टर स्टिकर नाही हे पाहून निर्धास्त झाली, पण नसलेल्या स्टिकरला काडीचा अर्थ नसतो. एचआयव्हीची लागण झाल्यावर काही आठवडे चाचणीत दिसतच नाही. कित्येक पेशंटांची तपासणी झालेली नसते. म्हणून आम्हाला शिकवलेला नियम असा की प्रत्येक पेशंटचे रक्त लागणीचे आहे असे धरूनच हात चालवायचा, मग तो आमदार असो की मोलकरीण. रक्त, जखम, पू, स्राव म्हटले की ग्लोव्हज. सुईला टोपण नाही. सुई वापरली की तिथल्या तिथे कापून पांढऱ्या डब्यात. रक्त सांडले तर फडके टाकून त्यावर एक टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचे पाणी, ओतायचे, किमान दहा मिनिटे थांबायचे, मग पुसायचे. हे सगळ्यांसाठी सारखे केले की शिक्क्याची गरजच उरत नाही.

शिक्क्याने काय होते ते मी जवळून पाहिले आहे. मी ट्रेनिंगला असताना, १९८६ साली, मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन यांनी देशातले पहिले एचआयव्हीबाधित रुग्ण शोधून काढले. त्या माहेरच्या गायतोंडे, आपल्यापैकी. आम्हाला मात्र हा आजार परदेशातला आहे, इतकेच ठाऊक. तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. त्या आणि सुया स्टरिलायझरमध्ये उकळायच्या आणि पुन्हा वापरायच्या. बोथट सुया दगडावर घासून धार लावलेली मला आठवते. त्या काळात किती जणांना आमच्या हातून काय गेले असेल, या विचाराने आजही झोप उडते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वॉर्डात जत तालुक्यातली एक बाई आली. नवरा ट्रकवर होता, वर्षापूर्वी गेला होता. भावाने आणून टाकले आणि तो निघून गेला. केसपेपरवर लाल शाईने 'एचआयव्ही' अशी मोठी अक्षरे लिहिली गेली. कॉट व्हरांड्याच्या टोकाला, संडासाशेजारी. जेवणाचे ताट फरशीवरून सरकवून द्यायचे. तिच्या तोंडात, घशापर्यंत पांढरी बुरशी चढली होती. पाणी गिळतानाही डोळ्यांतून पाणी यायचे. आमच्या त्या वेळच्या इनचार्ज सिस्टर रोज सकाळी तिच्या कॉटवर बसत. बोळा जांभळ्या औषधात बुडवून जीभ, गालाची आतली बाजू, टाळू हळूहळू पुसून काढत. मग थंड केलेली तांदळाची पेज चमच्याने. मी पहिल्या दिवशी दोन दोन ग्लोव्हज घालून उभी होते. सिस्टर म्हणाल्या, "तोंड साफ करताना एक जोडी घाल. तिचे केस विंचरायला कशाला पाहिजेत गं?" मी ग्लोव्हज काढून तिचे केस विंचरले. उवा झाल्या होत्या. दोन वेण्या घातल्या. ती बाई एकवीस दिवस जगली. एचआयव्हीवरची मोफत एआरटी औषधे यायला २००४ उजाडावे लागले. तेव्हा आमच्याजवळ द्यायला जांभळे औषध, पेज आणि कंगवा एवढेच होते.

आज तशी बाई आली तर रोज एक गोळी घेऊन म्हातारी होईल. नियमित औषधाने रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला की शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. गरोदर बाईला वेळेत गोळ्या सुरू झाल्या, बाळाला औषध मिळाले, तर बहुतेक बाळे निगेटिव्ह राहतात. हिपॅटायटिस सी तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरात पंच्याण्णव जणांचा पूर्ण बरा होतो आणि २०१८ पासून केंद्राच्या कार्यक्रमात तो उपचार मोफत आहे. अंगात टिकलेली बी सहसा पूर्ण जात नाही, पण आवरता येते, आणि त्याला लस आहे. एवढे हाताशी असताना एका विद्यार्थिनीचे दोन डोस राहतात, याचा मला संताप येतो.

परत तिच्याकडे येते. बीवरचे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत द्यायचे असते. ते गावात नव्हते. तिचा मामा मोटारसायकलवर कोल्हापूरला गेला आणि बर्फाच्या डब्यात घालून घेऊन आला. काही हजारांचे बिल झाले. रुग्णालय म्हणाले, ती आमची कर्मचारी नाही. कॉलेज म्हणाले, घटना आमच्या आवारात घडलेली नाही. शेवटी बिल रिक्षावाल्या बापाने भरले.

मी रुग्णालय आणि कॉलेज दोन्हीकडे जाऊन आले, भांडलेही. म्हणून आता कायद्याचे लिहिते, कारण आमच्या मुलींना तो माहीत नसतो आणि मालक माहीत असूनही तो पाळत नाहीत. जैव-वैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम सांगतात की रुग्णालयाने आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि हा कचरा हाताळणाऱ्या इतरांनाही हिपॅटायटिस बी व धनुर्वातापासून संरक्षणासाठी लस द्यायची. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्याच्या कलम १९ प्रमाणे रुग्णालयाने सुरक्षिततेची साधने, त्यांचे प्रशिक्षण आणि लागण टाळण्याच्या गोळ्या तिथे काम करताना ज्याला धोका संभवतो त्याला पुरवायच्या आहेत. त्याच कायद्याने संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही चाचणी करायची नाही आणि रिपोर्टचा बोभाटा करायचा नाही. लाल शाईची अक्षरे आज कायद्याच्या विरुद्ध जातात, हे सगळ्या वॉर्डांना कळले पाहिजे.

विद्यार्थिनी निदान शिकलेली तरी असते. मला जास्त काळजी वॉर्डात साफसफाई करणाऱ्या मावशींची आणि मामांची वाटते. हल्ली त्या ठेकेदाराकडून येतात. आज या दवाखान्यात, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. कचऱ्याची पिशवी उचलताना मांडीला सुई लागते, कारण कुणीतरी ती लाल पिशवीत तशीच टाकलेली असते. मावशी हळद लावते आणि पुढची पिशवी उचलते. तिने सांगितले तर पगार कापतील असे तिला वाटते, आणि ते खोटेही नसते. माझ्या नोकरीत मी रजिस्टर ठेवले होते. टोचले की नोंद, कुणाची चूक ते विचारायचे नाही. पहिल्या वर्षी नोंदी एकदम वाढल्या तेव्हा वरिष्ठ माझ्यावर चिडले. सुया जास्त टोचू लागल्या नव्हत्या, बायका सांगू लागल्या होत्या.

लैंगिक आजारांचेही असेच, जे सांगितले जात नाही ते वाढते. 'गुप्तरोग' हा शब्दच मुळात घातक. एसटी स्टँडामागच्या भिंतींवर रंगवलेला असतो आणि त्या भिंतीवरच्या पत्त्यावर माणसे पैसे घालवतात. सरकारी रुग्णालयांत यासाठी सुरक्षा क्लिनिक आहे. माझ्या काळात तिथे लक्षणांप्रमाणे रंगीत पाकिटांतून औषधे मिळत, हिरवे पाकीट, करडे पाकीट. 'अंगावरून पांढरं जातंय' एवढे सांगायला बाई तीन वेळा दाराशी येऊन परत जायची. आत पडदा नसेल तर चौथ्यांदा येत नाही. आणि आजार लैंगिक असला की नवऱ्यालाही औषध द्यावे लागते, नाहीतर महिन्याने बाई पुन्हा तिथेच. नवऱ्याला आणायचे कसे हे पुस्तकात नसते, ते नर्सला जमवावे लागते. याबाबतीत मी सर्वांत जास्त शिकले ते आमच्या सांगलीतल्या धंदा करणाऱ्या बायांकडून. संग्राम संस्थेबरोबर १९९२ पासून त्यांनीच एकमेकींना निरोध वाटले, समजावले, दवाखान्यात हाताला धरून आणले. त्यांच्याशी आम्ही नर्सेस सुरुवातीला नीट बोललो नाही, हे मी आज जाहीर कबूल करते.

गरोदरपणातल्या तपासणीत एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तिन्ही चाचण्या झाल्यात का, हे प्रत्येक सुनेच्या सासूने विचारावे. सिफिलिस स्वस्तातल्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनने आवरतो आणि बाळ वाचते. बीची लस बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत मिळाली पाहिजे. रविवार आहे, सुट्टी आहे, सोमवारी बघू, हे चालत नाही.

आणखी एक गोष्ट, ही घराघरांतली. मधुमेहामुळे घरी इन्सुलिन घेणारे आता प्रत्येक गल्लीत आहेत. त्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीतून घंटागाडीत जातात. आमच्या घंटागाडीवरच्या बाईने मला तळहात दाखवला, दोन ठिकाणी टोचलेले. सुया जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवा. बाटली भरली की झाकण लावून वर 'सुया' असे लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून वेगळी द्या. तेलाची किंवा फिनेलची रिकामी बाटली चालते.

आजोबांविषयी लिहायचे राहिले. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. रिपोर्ट आल्यावर त्यांना लगेच घरी पाठवायची घाई सुरू झाली. सुनेने ताट-वाटी वेगळी काढली. आजोबांनीच मला बोलावून घेतले आणि म्हणाले, तिला तुम्ही सांगा. मी घरी जाऊन सांगितले की ताट एक, पंगत एक, नातवंडे मांडीवर बसली तरी चालते. फक्त दाढीचे ब्लेड, नखे कापायचे यंत्र आणि ब्रश वेगळा, आणि घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून लस घ्यायची. आता सरकारी रुग्णालयात त्यांचे औषध सुरू झाले आहे. ज्यांची सुई त्या पोरीला लागली होती, त्यांनीच परवा तिला घरी बोलावून पुरणपोळी वाढली. ती जेवून आली.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे. जिल्ह्यातल्या नर्सिंग कॉलेजांत आणि खासगी रुग्णालयांत जाऊन फक्त दोन प्रश्न विचारावेत. किती मुलींचे आणि किती मावशींचे तिन्ही डोस पूर्ण झाले आहेत, ते रजिस्टर दाखवा. आणि रात्री दोन वाजता सुई टोचली तर गोळ्या कोणत्या कपाटात आहेत, किल्ली कुणाकडे, ते दाखवा. उत्तरे छापावीत. कुणाला स्वतःसाठी माहिती हवी असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा क्रमांक मोफत आहे, नाव विचारत नाहीत.

मुलीचा एचआयव्हीचा धोका टळला, गोळ्या थांबवल्या. बीच्या लसीची मालिका त्या रात्रीपासून पुन्हा सुरू केली. दुसरा डोस गणपतीच्या आधी झाला. तिसरा संक्रांतीच्या सुमारास आहे, त्यानंतर रक्त तपासायचे. तारीख मी माझ्या कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे आणि मी सोबत जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका,
जि. सांगली